उलट्या पदराची केतकी

माझे भाऊजी भैयाजी सोनकुसरे हे थोर कलावंत आहेत. असं मी म्हणत नाही. ते स्वतः म्हणतात, आणि इतक्या नेमाने म्हणतात की घरातल्या बाकीच्यांना तसदी घ्यावी लागत नाही. मी त्यांचा मेहुणा, म्हणजे नागपुरी हिशेबाने साळा, महादेवराव. वीज मंडळातून निवृत्त झालो, नागपूरच्या महाल भागात त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो आणि माझी थोरली बहीण कुसुमताई हिच्या हातचा चहा प्यायला रोज त्यांच्याकडे जातो. त्या चहासोबत कलावंताचं दर्शन फुकट मिळतं.

भाऊजींचा धंदा लाकडी ठशांचा. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर छापायचे, त्या काळात चित्रासाठी लाकडावर ठसा कोरावा लागे. जेवढं कोरून काढाल तेवढं कागदावर पांढरं उतरतं, जेवढं ठेवाल तेवढं काळं, आणि सगळंच्या सगळं उलट. ठशावर उजवीकडे असलेला हात कागदावर डावीकडे जातो. त्यामुळे ठसेवाल्याला जग उलटं बघायची सवय करावी लागते. बाकीच्यांना त्यासाठी पुढारी व्हावं लागतं. भाऊजींना बडकस चौकामागच्या छापखान्यात त्याचा पगार मिळायचा. विडीच्या कट्ट्यावरचं हरीण, सर्कशीच्या हँडबिलावरचा सिंह, लग्नपत्रिकेवरचा गणपती असा त्यांचा दरबार होता. पुढे ऑफसेट आलं, मग कॉम्प्युटर आला आणि मालकाने भाऊजींच्या हातात नारळ दिला. मग त्यांनी कचेरीजवळ रबरी शिक्क्यांचं दुकान टाकलं आणि ‘प्राप्त’, ‘मंजूर’, ‘सत्यप्रत’ एवढ्या साहित्यावर संसार ओढला. उलटं लिहिणं हाडात इतकं मुरलं होतं की किराण्याची चिठ्ठीसुद्धा उलटी लिहायचे. दुकानदार ती मागच्या बाजूने उजेडावर धरून वाचायचा आणि तरी साबुदाण्याऐवजी साबण द्यायचा.

पण शिक्के पोटासाठी होते. जिवासाठी केतकी आख्यान होतं.

हे आमच्याकडचं जुनं ओवीबद्ध काव्य. कवी कोण ते कोणालाच माहीत नाही, त्यामुळे त्याच्यावर भाषण करणाऱ्यांची फार सोय झाली आहे. भाऊजींचे वडील मागावर बसून धोटा फेकता फेकता ते म्हणायचे, तिथून ते भाऊजींच्या कानात बसलं. कथा सोपी आहे. राजकन्या केतकी स्वयंवरात राजा जयध्वजाला माळ घालते. कुटिलक नावाचा प्रधान राजाला कसलासा काढा पाजतो आणि राजा आपल्या बायकोला विसरतो. माझ्या पाहण्यात तरी नवऱ्यांना यासाठी काढा लागत नाही, पण कवीने घातला आहे तर असो. केतकी रानोमाळ हिंडते, वाघाची समजूत काढते, पुराची नदी ओलांडते आणि शेवटी त्याच राजाच्या वाड्यात दळणकांडणाला राहते. राजा रोज तिच्या हातची भाकर खातो आणि तिला ओळखत नाही. शेवटच्या सर्गात तो जात्यापाशी येतो, तिच्याकडे बघतो आणि ओळखतो. काय बघून ओळखतो, ते कवीने सांगितलेलं नाही.

या आख्यानाच्या प्रत्येक सर्गाला एक चित्र कोरायचं, असं भाऊजींनी लग्नाच्या सुमारास ठरवलं. लाकूड हळदूचं, पिवळसर, घट्ट, रेषा न फुटणारं. सावनेरच्या एका आरा मशीनवरून ते खोड आणलं, आडवं कापून त्याच्या चकत्या पाडल्या आणि त्या चकत्यांच्या तोंडावर ते कोरायला बसले. खाली वाळू भरलेली चामड्याची उशी, डोळ्याला भिंग, हातात बोटभर कोरणी. रेषेला वळण द्यायचं तर कोरणी नाही वळवायची, उशीवरचा ठसा फिरवायचा. हे ते येईल त्याला समजावून सांगायचे, गॅस सिलिंडरवाल्यालासुद्धा.

आता चित्रात माणसं लागतात. माणसं बघून काढायची, मनाने नाही, असा भाऊजींचा बाणा. राजा जयध्वजासाठी कोण बसणार हा प्रश्न कधी निघालाच नाही. ते स्वतः बसले. कुटिलकासाठी त्यांनी मला बोलावलं. मी म्हटलं, “काहून भाऊजी, माह्यात असं काय पाह्यलं?” ते म्हणाले, “काही नाही गा. फक्त मी बोललो का जसा पाह्यते ना, तसाच पाह्य.” त्या पोथीत मी प्रधान आहे, चोर आहे, स्वयंवरात हरलेले सगळे राजे आहे आणि पुरात वाहून जाणारा नावाडीही आहे. वाघाच्या डोळ्यांतसुद्धा मला माझी ओळख पटते, पण ते विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

आणि केतकी म्हणजे कुसुमताई. दुसरं कोण फुकटात बसणार?

इथे एक गंमत झाली. भाऊजींनी सर्ग क्रमाने घेतले नाहीत. मनात येईल तो घेतला. लग्न झाल्या झाल्या रानवास कोरला, कारण ताई तेव्हा बारीक होती आणि उपाशी दिसायची. त्यांचा मुलगा अमोल पोटात असताना वाघाचं चित्र झालं. त्यात केतकी झाडामागे अर्धी लपलेली आहे, कारण उघड आहे. नंतर शिक्क्यांच्या दुकानामुळे वर्षानुवर्षं काम पडून राहायचं आणि मध्येच एखादं चित्र व्हायचं. स्वयंवर अगदी अलीकडे, ताईला मोतीबिंदू व्हायच्या बेताला झालं. त्यामुळे पोथी ओळीने उघडली तर केतकी साठीच्या वयात हातात माळ घेऊन उभी राहते, पुढे पान उलटेल तशी तरुण होत जाते आणि रानात पोचेपर्यंत विशीत येते. राजा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पंचविशीचा. कारण भाऊजी बघून काढतात, आणि त्यांना आरशात अजून पंचविशीच दिसते.

आरशाचं सांगायलाच हवं, कारण सगळा घोळ तिथे आहे. बाकीचे ठसेवाले आधी पातळ कागदावर चित्र काढून तो कागद ठशावर पालथा घालतात, म्हणजे उलटसुलटचा प्रश्न मिटतो. भाऊजींना ते चोरीचं काम वाटतं. ते सरळ लाकडावर कोरतात. मग छाप उलटा येऊ नये म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. लोखंडी कपाटाच्या दाराला आरसा आहे. ते दार अर्धं उघडायचं, ताईला पाटावर बसवायचं आणि आरशात दिसणारी ताई बघून कोरायचं. आरशातली उलटी, ती ठशावर तशीच, आणि कागदावर पुन्हा सुलटी. हिशेब चोख. डाव्या नाकपुडीतली चमकी डावीकडेच येते, त्या चमकीची ते चित्रात नथ करतात. पदर डाव्या खांद्यावर, हनुवटीचा तीळ उजवीकडे, जिथल्या तिथे.

म्हणजे इतक्या वर्षांत ती समोर बसलेली असताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, कपाटाकडे पाहिलं.

आणि ताईचंही एक खूळ होतं. प्रत्येक छाप निघाला की भाऊजी तो तिच्यापुढे धरायचे, कौतुकासाठी. ती चष्मा लावून बघायची आणि म्हणायची, “चांगलं हाये. पण ही मी नाही.”

“तू नाही तं कोण हाये मंग? तुही चमकी, तुहा तीळ!”

“असंन. पण मी अशी नाही दिसत. ही दुसरीच कोणी बाई हाये, माह्यासारखी.”

तिला फोटोतही असंच वाटायचं. लग्नाच्या अल्बममधले फोटो बघून ती म्हणायची, की फोटोवाल्यानेही त्याच बाईचे काढले. आम्ही हसायचो. भाऊजी मात्र मनातून चिडायचे, कारण हुबेहूब काढणं ही त्यांची एकच मिरवायची गोष्ट होती आणि घरचंच माणूस ती मान्य करत नव्हतं.

अशी ती चित्रं माळ्यावरच्या पेटीत पडून राहिली असती. पण गेल्या वर्षी जया मॅडम आल्या. एका कला महाविद्यालयात शिकवतात, हातमागाच्या साड्या नेसतात आणि वाक्यात मध्येच थांबून डोळे मिटतात. कोणाकडून तरी कळलं म्हणून बघायला आल्या होत्या. भाऊजींनी सगळे छाप सर्गाच्या क्रमाने सतरंजीवर मांडले. जया मॅडम चपला काढून गुडघ्यांवर रांगत एकेक बघत गेल्या आणि शेवटी डोळे मिटून म्हणाल्या, “इथे काळ उलटा वाहतोय. नायिका मुळाकडे परत जातेय. पुरुष मात्र गोठलेला आहे. किती विचारपूर्वक केलंय तुम्ही!”

भाऊजी म्हणाले, “बस, तेच मले म्हणाचं होतं.”

मी चहाचा घोट गिळून खोकला दाबला.

मॅडमनी तिथल्या तिथे सांगितलं, की त्यांचं महाविद्यालय या ठशांवरून आख्यानाची सुंदर आवृत्ती छापेल, प्रदर्शन भरवेल. फक्त भेटीचा सर्ग हवा. जात्यापाशी राजा केतकीला ओळखतो, ते चित्र भाऊजींनी शेवटी म्हणून ठेवलं होतं, ते झालंच नव्हतं. त्याशिवाय पोथी अपुरी, आणि अपुरी पोथी कशी छापणार? भाऊजींचा हात आता थरथरतो, एका डोळ्याने धूसर दिसतं आणि हळदूची एकच चकती उरली होती. तरी त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, पावसाळा संपायच्या आत देतो.

निघताना मॅडमनी सहज विचारलं, “केतकीसाठी मॉडेल कोण होतं?”

ताई तिथेच होती. हातात रिकाम्या कपांचा ट्रे, दारात उभी. रानवासातली केतकी, वाघापुढची केतकी, स्वयंवरातली केतकी, सगळ्या सतरंजीवर पसरलेल्या आणि त्यांची मूळ प्रत दारात.

भाऊजी म्हणाले, “मॉडेल कोण राहीन? कल्पना.”

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, राग आला. सगळ्या जन्मात मी भाऊजींवर वरवर चिडत आलो, त्या दिवशी पहिल्यांदा आतून चिडलो. ताईने ट्रे आत नेला आणि कप धुतले, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी कपाटाचं दार अर्धं उघडलं, पाट मांडला आणि हाक मारली. ताई आतून म्हणाली, “मले बलावू नका. कल्पनेलेच बसवा.”

पुढचे कित्येक दिवस हेच चाललं. भाऊजी सकाळी समजूत काढायचे, दुपारी भांडायचे. त्यांचं म्हणणं अगदी कायदेशीर होतं: “तूच म्हणते ना का ही मी नाही? मंग मी कल्पना म्हटलं तं बिघडलं का?” ताई पाटाला वळसा घालून कामाला जायची. शेजारच्या तुळसाबाईंच्या कानावर भिंतीपलीकडून नेमका ‘कल्पना’ हा शब्द पडला. त्या मला गल्लीत गाठून हळूच म्हणाल्या, “काहून हो महादेवराव, हे कल्पना कोण हाये? या वयात भैयाजीले शोभते का?” मी त्यांना सांगितलं, की फार जुनं प्रकरण आहे आणि जया मॅडमना सगळं माहीत आहे. मला त्यात जरा समाधान मिळालं, हे कबूल करतो.

भाऊजींनी दुसरे मार्गही बघितले. अमोल शहराबाहेर बेसाला नव्या फ्लॅटमध्ये राहतो, तिथे जाऊन सुनेला, मोनालीला, बसवून पाहिलं. तिच्या कोरलेल्या भुवया बघून भाऊजी परत आले. म्हणाले, की ही बाई दळण दळत नाही, ऑनलाइन मागवते. मग मोबाइलवर ताईचा चोरून फोटो काढायचा प्रयत्न झाला, त्यात भाऊजींचा अंगठा आणि अर्धा फ्रिज आला. शेवटी नजर माझ्याकडे वळली. “तुहा चेहरा तुह्या ताईसारखाच हाये गा,” ते म्हणाले. मी वीज मंडळाचा निवृत्त कर्मचारी, नातवंडांचा आजोबा, डोक्यावरून पदर घेऊन त्या पाटावर बसलो. ते आरशात बघत राहिले आणि म्हणाले, “नाही जमत. तू काहीही केलं तरी कुटिलकच दिसते.”

त्या दिवशी त्यांनी कोरणी ठेवून दिली. भिंतीला टेकून बसले. म्हणाले, “महादेव, हे पोथी राहिली तं माह्या हातून आयुष्यात फक्त ‘सत्यप्रत’ झालं, असं होईन गा.” माझ्याकडून टोमणा निघाला नाही.

ताई भाजी निवडत होती. तिने ते ऐकलं. मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि म्हणाली, “बसीन मी.”

भाऊजी उठून कपाटाकडे निघाले.

“पन आरसा नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“दार लावा कपाटाचं. माह्याकडं पाहून कोरा. आरशातल्या बाईकडं पाहून नको. तिले लय झालं पाहून.”

“अवं, पण मंग सारं उलटं येईन ना!”

“एवढे मोठे कलावंत तुमी. डोक्यात करा उलटं.”

ही तिची चाल होती की नाही, मला माहीत नाही. पण भाऊजींना कुठे टोचलं की ते उठतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. ते ताठ झाले. “मले येत नाही का मंग? जलम गेला माहा उलटं करन्यात. डोळे मिटून करीन.” कपाटाचं दार लागलं. ताईने त्याच्यावर टॉवेलही वाळत टाकला, म्हणजे संशय नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसाबाईंकडून मागून आणलेलं जातं पुढच्या खोलीत मांडलं. दारातून चांगलं ऊन येत होतं. ताईने नऊवारी नेसली, नाकात चमकी नेहमीचीच, आणि जात्याच्या खुंट्यावर हात ठेवून बसली. समोर भाऊजी, उशीवर शेवटची चकती. मी खुर्चीत, पेपर घेऊन. तमाशा सोडून मी कुठे जाणार?

भाऊजींनी कोरणी उचलली, वर पाहिलं आणि खाली ठेवली. परत पाहिलं.

“काय पाहून राह्यले?” ताईने विचारलं.

“हा तीळ इकडं कधी आला?”

“जलमापासून इकडंच हाये.”

मी पेपरच्या आड हसलो. इतकी वर्षं एका ताटात जेवलेला माणूस हे विचारत होता. पण मग त्यांनी आणखी विचारलं. भुवईवर ही खूण कसली? ताई म्हणाली, अमोलच्या पाळण्याची कडी लागली होती. तुम्ही दुकानात होता. भाऊजी म्हणाले, मले सांगितलं नाही. ती म्हणाली, सांगितलं होतं. भाऊजींनी चष्मा काढून धोतराने पुसला, लावला आणि तिच्याकडे बघत राहिले. असं बघत होते की पाच मिनिटांनी ताईनेच मान खाली घातली आणि पदर सारखा केला. माझी बहीण त्या वयात लाजली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी पेपर घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. काही गोष्टी मेहुण्याने बघायच्या नसतात.

काम बरेच दिवस चाललं. हात थरथरायचा, तेव्हा भाऊजी थांबायचे आणि त्या वेळात दोघं बोलायची. मागची बोलणी, कोणाकोणाची लग्नं, छापखान्याचे दिवस. माझा चहा त्या काळात दोनदा थंड आला आणि एकदा आलाच नाही. कपाटावरचा टॉवेल कोणी काढला नाही.

छाप काढायच्या दिवशी मी हजर होतो. भाऊजींनी ठशावर रुळाने शाई फिरवली, वर पातळ कागद अंथरला आणि चमच्याच्या पाठीने कोपऱ्यापासून घासत आले. मग कागद दोन बोटांनी उचलून सोलला. जात्यापाशी केतकी. म्हातारी, भुवईवर खूण, डोळे वर केलेले. बाजूला राजा जयध्वज, आरशाशिवायही आता पाठ झालेला, नेहमीसारखा पंचविशीचा. मी इतकी वर्षं त्यांचं काम बघतोय, पण असा चेहरा त्यांच्या हातून उतरलेला मी पाहिला नव्हता. मी तसं म्हणणारच होतो.

पण माझा स्वभाव आड आला. मी म्हटलं, “भाऊजी, हिचा पदर उजव्या खांद्यावर हाये.”

खरंच होता. चमकीची नथ उजव्या नाकपुडीत. तीळ डावीकडे. शेवटच्या सर्गात आमची केतकी गुजराती झाली होती.

किराण्याची चिठ्ठी उलटी लिहिणारा माणूस. झोपेतही ‘मंजूर’ उलटं कोरू शकणारा. त्याने समोर दिसलं तसं सरळ ठशावर उतरवलं होतं आणि उलटं करायचं विसरला होता. छापखान्यातल्या पोऱ्याकडूनही झाली नसती अशी चूक. भाऊजी कागदाकडे बघत होते, मग ठशाकडे, मग परत कागदाकडे. दुसरी चकती नव्हती. त्यांनी कानशी उचलली आणि ठसा मांडीवर घेतला. घासून सपाट करायचा आणि वर नव्याने कोरायचं, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात दिसत होता. तो हात परत तसं काम करील की नाही, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

ताई हात पुसत बाहेर आली. तिने ओला कागद उचलला, दाराच्या उजेडात नेला आणि चष्मा लावला. आम्ही दोघं नेहमीच्या वाक्याची वाट बघत होतो.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “हे मीच आहो.”

भाऊजींना ऐकू आलं नाही की काय, ते नुसते बघत राहिले.

“हे मी आहो म्हटलं,” ती म्हणाली. “बराबर अशीच. पह्यल्यांदा काढली तुमी मले.”

“अवं पण उलटी हायेस तू त्याच्यात! नथ पाह्य कोण्या बाजूले हाये!”

“मंग? आरशात रोज तिकडंच असते. मले दुसरीकडं कधी दिसली?”

कपाटावरचा टॉवेल तिने बाजूला केला, आरशासमोर उभी राहिली आणि कागद आपल्या तोंडाशेजारी धरला. मी उठून पाहिलं. आरशातली ताई आणि कागदातली ताई, दोघींची चमकी एका बाजूला, दोघींचा तीळ एका बाजूला. जन्मभर तिने स्वतःला तिथेच पाहिलं होतं, रोज कुंकू लावताना. ठसा असो की फोटो, जगाने तिला दाखवली ती नेहमी दुसऱ्या बाजूची बाई. आम्ही त्याला तिचं खूळ म्हणत आलो. माझे डोळे भरून आले, आणि मी नाक शिंकरून ते झाकलं.

भाऊजींनी कानशी खाली ठेवली.

संध्याकाळी जया मॅडम आल्या, तेव्हा भाऊजींनी सगळे छाप पुन्हा सतरंजीवर मांडले होते. मॅडमनी नवा छाप पाहिला आणि अपेक्षेप्रमाणे डोळे मिटले. “इथे तुम्ही प्रतिमाच उलटवलीत! ओळखीच्या क्षणी जग आरशासारखं फिरतं. पदर, नथ, सगळं. हे मुद्दाम आहे ना?”

मी भाऊजींकडे पाहिलं. असा आयता हार कोणी गळ्यात घालत असताना मान वाकवायला ते कधी चुकले नव्हते. मी मनातल्या मनात त्यांचं वाक्य म्हणूनही टाकलं होतं.

“नाही,” भाऊजी म्हणाले. “चुकलं ते. हिच्याकडं पाहून राह्यलो होतो, उलटं कराचं राहूनच गेलं.”

मॅडमनी डोळे उघडले. “हिच्याकडे म्हणजे?”

“ही काय. कुसुम. माही बायको. साऱ्या चित्रांत हेच हाये.” मग म्हणाले, “ठसा बदलणार नाही मी. छापाचा असंन तं असाच छापा.”

मॅडम पहिल्यांदाच डोळे न मिटता ताईकडे बघत बसल्या, मग सतरंजीवरच्या छापांकडे, मग परत ताईकडे. भाऊजींना ते सहन होईना. ते घाईने म्हणाले, “कुसुम, चहा ठेव वं मॅडमले.”

ताई छाप मांडीवर घेऊन बसली होती. तिने वरही पाहिलं नाही.

“कल्पनेले सांगा,” ती म्हणाली.

भाऊजी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. साखरेचा डबा कुठे असतो, हे त्यांनी आतून दोनदा ओरडून विचारलं.